मगजाचं सूप

आमच्या घरात सूप हा आजारी माणसाचा पदार्थ होता. कुणाला ताप आला की आई पाकिटातलं टोमॅटो सूप पाण्यात कालवून उकळायची, कपात ओतून हातात द्यायची, आणि आपण ते तोंड वाकडं करत प्यायचं. सूप खातात, तेही हाताने, आणि त्यासाठी कप नव्हे तर ताट लागतं, हे मला चौदाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ज्या हिवाळ्यात ते कळलं, त्या हिवाळ्यात सगळं जगच घरात बसलं होतं. शाळा लॅपटॉपमध्ये, बाबा फोनमध्ये, आणि उरलेल्या आम्ही ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गच्या त्या बैठ्या विटांच्या घरात, हीटरची घरघर ऐकत. संध्याकाळी आठनंतर बाहेर दिसलं तर पोलीस हटकायचे. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे उगाच गेलं तर दंड. माझ्या नातवंडांना हे सांगितलं की म्हातारीने काहीतरी रचलंय अशा नजरेने ती एकमेकांकडे बघतात. मीही आता त्यांना पटवत बसत नाही.

बाबा खाणीत इंजिनियर होते, कालगुर्लीला. काही आठवडे तिकडे आणि मग थोडे दिवस घरी, असा त्यांचा क्रम होता. त्या वर्षी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने आपली दारं लावून घेतली आणि बाबा आतल्या बाजूला राहिले. रोज संध्याकाळी ते फोनवरून माझं गणित घ्यायचे. माझं लक्ष उडालं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "सई, मगजात शिरतंय का काही?" मगज म्हणजे मेंदू, हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल अशी शंकाही मला कधी आली नाही. पुण्याहून आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझं मराठी त्या वयालाच थबकलं होतं. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुढे जो घोटाळा झाला त्याचं मूळ इथे आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

घराच्या मागच्या अंगाला स्वतंत्र दाराची एक खोली होती. तिथे न्गोझी आणि तिचा नवरा एमेका भाड्याने राहायचे. दोघं नायजेरियाची, एनुगू नावाच्या शहरातली. ती इथे वृद्धांच्या होममध्ये नर्स होती. तिच्या नावाची सुरुवात नाकातून होते, आणि आईचं नाक काही त्याला तयार होईना. पहिल्याच दिवशी आईने "गोजी बरं आहे, गोजिरी आहेच की ती," असं म्हणून विषय संपवला. गोजीने तक्रार केली नाही. ती आईला 'ममी' म्हणायची, कारण तिच्याकडे मोठ्या बाईला नावाने हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. आईला हे इतकं आवडलं की त्यानंतर मी कधी उलट बोलले की "गोजीकडून शीक जरा" हे ऐकावंच लागायचं. एमेका वडिलांच्या आजारपणासाठी गावी गेला आणि मागोमाग विमानं बंद झाली. गोजी तेव्हा पोटुशी होती. तिची आई बाळंतपणाला येणार होती, तिकीट काढून झालं होतं. तेही राहिलं.

ऑगस्टच्या कडाक्याच्या थंडीत गोजीला मुलगी झाली. सिझेरियन करावं लागलं. आईने तिला गाडीने हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेलं आणि नियमाप्रमाणे तिथूनच परत फिरली. घरी आल्यावर मास्क काढून एकच वाक्य बोलली, "एकटी गेली गं, बॅग ओढत." आणि पातेलं चढवलं. माझ्या आईला काळजी वाटली की गॅसवर पातेलं चढतं, ही तिची सवय अजून गेलेली नाही. बाबांना परत यायला मिळत नव्हतं तेव्हा आम्ही दोघींनी आठवडाभर पुरणपोळ्या खाल्ल्या आहेत.

आई रेवदंड्याची. बहिणींची बाळंतपणं आजीने तिच्या डोळ्यांदेखत केलेली, त्यामुळे या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू नये असं तिचं ठाम मत होतं. गोजी घरी आली आणि आईचं राज्य सुरू झालं. मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार. आळिवाची खीर. लसूण घातलेली शेपूची भाजी. बाळंतशोपेचं पाणी. फॅक्टरीतली शिफ्ट संपवून, हात कोपरापर्यंत धुऊन, कपडे बदलून ती सरळ स्वयंपाकघरात शिरायची. आठवड्याचं सामान आणायला फॉस्टर स्ट्रीटला जायची तेव्हा दुकानाबाहेरच्या रांगेत उभी राहून मला फोन करायची, "सुंठ आहे का बघ. डिंक आहे का बघ." डिंकाचे लाडू तर तिने परातभर वळले. घरात खमंग वास आणि बाळाच्या रडण्याचा आवाज असे दोन्ही एकदम भरून राहिले, आणि माझे ऑनलाइन वर्गातले मित्रमैत्रिणी विचारायला लागले, "हूज बेबी इज दॅट, मेट?" मिरची मात्र हद्दपार झाली. "बाळंतिणीला तिखट नाही. आईने खाल्लं की बाळाच्या पोटात कळ," हा आईचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं.

ताटं मागच्या खोलीत पोचवण्याचं काम माझं. गोजी उठून बसायची, हसायची, "थँक यू माय डिअर, टेल ममी इट्स लव्हली," म्हणायची. मी तासाभराने ताट आणायला गेले की भात एका कडेला सारलेला असायचा आणि त्यावर चमचा पालथा ठेवलेला, म्हणजे खाली किती उरलंय ते पटकन दिसू नये. लहान मुलाला फसवायची युक्ती, पण आई काही लहान मूल नव्हती. आधी तिला राग आला. "माझ्या हाताला चव नाही का?" मग ती तूप वाढवून बघायला लागली, मग मीठ वाढवून. मग रागाची जागा काळजीने घेतली. गोजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाळ चोखायचं, रडायचं, परत चोखायचं. चाइल्ड हेल्थ सेंटरच्या नर्सने बाळाला तोललं आणि चेहऱ्यावर काही न दाखवता सांगितलं की वजन वाढत नाहीये. पुढच्या खेपेलाही असंच राहिलं तर दोघींना परत दाखल करून घ्यावं लागेल. "नो वरीज," असं गोजी म्हणाली. ते ऐकून आई फार घाबरली. हॉस्पिटलात परत जायचं म्हणजे परत एकटीनेच जायचं, हे तिला माहीत होतं आणि गोजीलाही माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी गोजीला जरा झोप लागली होती. तिचा फोन आमच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता आणि तो वाजायला लागला. बाळ उठू नये म्हणून मी पटकन उचलला. पडद्यावर डोक्याला निळं फडकं बांधलेली एक रुंद चेहऱ्याची बाई. तिच्याकडे नुकतीच सकाळ झाली होती. गोजीची आई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, हे मला नंतर कळलं, पण आवाजावरून ओळखता आलं असतं. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहिते आहे. माझ्या कानाला तेव्हा ते निम्मंच कळत होतं.

"तू कोण?"

"सई. आंटी, न्गोझी झोपलीय. मी घरमालकिणीची मुलगी."

"बरं. चर्चच्या बायका आल्या का आज? आज कसलं सूप आणलं त्यांनी?"

मला काही कळेना. "चर्चच्या बायका? इथे कुणीच येत नाही आंटी. कुणाला अलाउड नाही."

पडद्यावरचा चेहरा एकदम जवळ आला. मग ती म्हणाली, "मग माझ्या मुलीचं ओमुग्वो कोण करतंय?"

तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मुलीला मूल झालं की तिच्या आईने जाऊन राहायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं आणि लेकीला गरम तिखट सूप खाऊ घालायचं, त्याला त्यांच्याकडे ओमुग्वो म्हणतात. तेव्हा मला एवढंच कळलं की ती विचारतेय ते कुणी करत नाहीये. तसं मी सांगून टाकलं. ती काय खाते, असं तिने विचारल्यावर भात आणि तूप म्हणाले, आणि ते पण खात नाही, हेही सांगून मोकळी झाले.

"तुझ्या आईला दे," ती म्हणाली.

एवढ्यात मागचं दार उघडून, पोटावर हात धरून गोजी उभी. आवाजाने ती जागी झाली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन जवळजवळ टाकलाच. आपल्या आईने तिकडे बसून रडू नये म्हणून तिने चर्चच्या बायका, त्यांची नावं, त्यांची रोजची सुपं, सगळं बेतून ठेवलं होतं, आणि मी एका मिनिटात ते उधळून दिलं होतं. "का सांगितलंस?" ती हळूच म्हणाली. "ती तिथून काय करू शकणार आहे आता?" आणि खुर्चीत बसून रडायला लागली. घरी आल्यापासून आम्ही तिला रडताना बघितलं नव्हतं. आई शेपू निवडत होती, ती हात पुसत आली, आधी गोजीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि मग मला म्हणाली, "फोन वर धर. मला बोलू दे त्या बाईशी."

दोघींचं इंग्रजी आपापल्या ठिकाणी चांगलं होतं, पण एकीचं दुसरीला कळत नव्हतं. त्यात दोघींना घाई. आई घाईत आली की मराठीवर यायची आणि गोजीची आई त्यांच्या इग्बो भाषेवर. मी मधे दुभाषी, दोन्हीकडचं अर्धवट कळणारी. फोन मी आईकडे तोंड करून धरला होता, त्यामुळे पडदा तिला दिसत होता, मला नाही. गोजीची आई म्हणाली, एगूसी सूप करा, ते ती खाईल, त्याशिवाय ती काही खाणार नाही, ही लहानपणापासून अशीच हट्टी आहे. एगूसी म्हणजे काय, तर मेलनच्या बिया. आई म्हणाली, "मेलन? कलिंगडाच्या बिया? त्या कोण खातं?" पलीकडून बहुतेक मूठभर बिया कॅमेऱ्यासमोर आल्या असाव्यात, कारण आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ओरडली, "अगं बाई, हा तर मगज! सांग तिला सई, मगज आहे आपल्याकडे. गोजीच्या लाडवांत घातलाय मी भरपूर!"

मी इमानेइतबारे भाषांतर केलं. "आंटी, मम सेज शी हॅज ब्रेन. शी ऑलरेडी पुट अ लॉट ऑफ ब्रेन इन न्गोझीज स्वीट्स."

"ब्रेन?" पलीकडून आवाज आला. "चिनेके! कुणाचा ब्रेन?"

मी आईला विचारलं, "आई, हूज ब्रेन?"

आई म्हणाली, "कुणाचा म्हणजे? खरबुजाचा! तुझा नव्हे, तुला असता तर काय हवं होतं!"

आणि खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. गोजी हसत होती. एका हाताने टाके दाबून, "ओ, इट हर्ट्स, ओ, ममी, स्टॉप," असं म्हणत, गालांवर आधीचं पाणी तसंच असताना हसत होती. "ममी पुट ब्रेन इन माय लाडू," असं म्हणून परत हसायची. आईला कारण कळायला थोडा वेळ लागला, मग तीही कमरेतून वाकून हसायला लागली. फोनमध्ये तिसरी हसत होती, आपली मुलगी हसतेय म्हणून. मी तेवढी शहाण्यासारखी फोन धरून उभी होते. आईने मागच्या कपाटातून डबा काढून माझ्या नाकासमोर धरला, पांढऱ्या चपट्या बिया, त्यावर तिच्या अक्षरात चिकटपट्टी, 'मगज'. गोजी गेले कित्येक दिवस ज्या चवीसाठी झुरत होती, ती तिच्या उशाशी लाडवांत बसून होती, आणि ते लाडू ती पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून कचऱ्यात टाकत होती. हे तिने स्वतः नंतर कबूल केलं, तेव्हा आईने तिला माफ करायला दोन दिवस घेतले.

मग खरा स्वयंपाक सुरू झाला, आणि मगजमारी म्हणजे काय ते मला कळलं. बिया कोरड्याच वाटायच्या, आईने त्या भाजायला घेतल्या, पलीकडून ओरडा. लाल पाम तेल हवं, ते गोजीच्या कपाटातल्या बाटलीच्या तळाशी थोडं होतं, बाटली उलटी करून ठेवली. कोंबडीचं पाणी काढलं. कडू पानं हवीत म्हटल्यावर आई म्हणाली मेथी, आणि मेथी बाळंतिणीला उत्तमच, यावर दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. मग गोजीची आई म्हणाली क्रेफिश. सुकवलेली, कुटलेली बारीक कोळंबी, त्याशिवाय एगूसीला अर्थ नाही. आईने बारकाईने पडद्याकडे बघितलं आणि फ्रीझरचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला. तीन पिशव्यांत एकात एक गुंडाळलेलं पुडकं बाहेर आलं.

"आई, दॅट्स आजीचा जवळा," मी म्हणाले. "द लास्ट वन."

आजीने रेवदंड्याच्या वाळूत वाळवलेला तो जवळा आईच्या एका मैत्रिणीने बॅगेतून आणला होता. आता कुणी येणार नव्हतं, कधी येतील ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि आजी फोनवर प्रत्येक वेळी विचारायची, आहे का गं अजून जवळा? आई त्याचं चिमूटभर कालवण करायची, तेही बाबा घरी असले की. मी तो मागितला की नाही म्हणायची.

"मग कुणासाठी ठेवायचा?" आई म्हणाली, आणि सगळं पुडकं तव्यावर रिकामं केलं.

तो वास सुटला तशी गोजी ताठ बसली. तिच्या घरचा वास होता तो, आणि आईच्याही घरचा. मी दोघींकडे आळीपाळीने बघत होते. दोघी एकाच तव्याकडे बघत होत्या आणि दोघींचे डोळे दोन वेगवेगळ्या ठिकाणी होते. हे मला तेव्हा इतकं नीट सांगता आलं नसतं. तेव्हा मी फक्त नाक दाबून म्हणाले होते, "द नेबर्स विल कॉल द पोलीस."

मिरचीवरून मात्र जुंपली. गोजीची आई म्हणाली, मूठभर घाला, बाळंतिणीचं पोट साफ होतं. आई म्हणाली, एकही नाही. मी दोन्ही बाजूंचे निरोप देऊन थकले. शेवटी आई कुरकुरत म्हणाली, "एक. अख्खी. देठासकट. नुसती वास लागायला. चावायची नाही, सांग तिला." आईला स्वतःचाच कायदा मोडताना मी पहिल्यांदा बघत होते. मग वाटलेला मगज कांद्यात कालवून त्याचे गोळे उकळत्या रश्शात सोडले, आणि पलीकडून हुकूम आला, ढवळायचं नाही. झाकण ठेवा आणि लांब व्हा. माझ्या आईला न ढवळता उभं राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. तिचा हात डावाकडे गेला की फोनमधून, "मामा सई! मी बघतेय!" त्यांच्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. आईला ते लगेच आपलंसं वाटलं, पुण्याच्या आमच्या बिल्डिंगमध्येही ती 'सईची आई'च होती.

सुपाबरोबर हाताने वळून खायला मऊसर गोळा लागतो. त्यासाठीचं त्यांचं पीठ संपलेलं. गणपती जवळ आले होते, आईने मोदकाचं पीठ आणून ठेवलं होतं, तिने त्याची उकड काढली, मळून तेल-पाण्याच्या हाताने गोळे केले. मी आपलं काम म्हणून टेबलावर सुपाचे बाऊल मांडले, चमचे मांडले. गोजीच्या आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "चमचा कशाला? ती आजारी आहे का?"

बाऊल उचलले, ताट मांडलं. घट्ट, पिवळट, कडेला लाल तेल सुटलेलं, त्यात मेथीची हिरवी पानं. गोजीने उकडीचा तुकडा तोडला, बोटांनी वळला, अंगठ्याने त्याला खळगा केला, अगदी आई मोदकाची पारी करते तसा, सुपात बुडवला आणि न चावता गिळला. आई बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. गोजीने डोळे मिटले. दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा. नंतर आमच्याकडे कुणाकडेच न बघता ती खात राहिली, आणि तिच्या नाकातून पाणी गळायला लागलं तरी थांबली नाही.

मी उत्साहाने फोन तिच्या तोंडासमोर धरला. "सी, आंटी? शी इज ईटिंग!"

"तिचा चेहरा दाखवू नकोस," गोजीची आई म्हणाली. "चेहरा ती मला रोज दाखवतेच. चेहऱ्याने फसवलं तिने मला. ताट दाखव."

मी फोन खाली केला. गोजीचं खाऊन होईपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला. शेवटी ताटात एकच वस्तू उरली, मिरचीचा हिरवा देठ. बाकी गोजीने चावून खाल्ली होती. आई म्हणाली, "अगं, चावायची नाही म्हटलं होतं ना!" मी फोन वर केला तेव्हा त्यातल्या बाईने डोक्याचं निळं फडकं सोडून त्यात तोंड पुसलं, आणि त्याच फडक्यात तोंड ठेवून बराच वेळ तशीच बसली.

पुढच्या खेपेला बाळाचं वजन वाढलेलं निघालं. नर्सने त्याचं श्रेय तिनेच सुचवलेल्या वरच्या दुधाला आणि गोजीच्या झोपेला दिलं. आईने ते सुपाला दिलं आणि अजूनही देते. मुलीचं नाव इफेओमा ठेवलं, आई तिला इफी म्हणते. दुपारचा तो फोन नंतर रोजचा झाला. माझं काम एकच, जेवणानंतर रिकामं ताट कॅमेऱ्यासमोर धरायचं. गोजीच्या आईचं बघून झालं की ती म्हणायची, "नाऊ मामा सईज प्लेट," कारण आई सगळ्यांना वाढून स्वतः उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते हे तिने पाच मिनिटांत ओळखलं होतं. बाबांनाही आईने तीच सवय लावली. कालगुर्लीहून फोन आला की 'जेवलात का' हा प्रश्न बंद झाला, 'ताट दाखवा' सुरू झालं. मी पुढे शिकायला ॲडलेडच्या मॉसन लेक्सला गेले आणि तिथलीच झाले. पण पहिली दोन वर्षं रूममेटच्या देखत आईला रिकामं ताट दाखवायची मला इतकी लाज वाटायची की काही विचारू नका.

आता आई डँडेनॉन्गच्या त्याच घरात एकटी राहते. बाबा गेल्यापासून तिचं जेवण उतरलं आहे. डॉक्टरांनी मीठ कमी केलंय, तेल कमी केलंय आणि तिखट बंद. मी ॲडलेडहून रोज दुपारी फोन करते. "जेवलीस?" "पोटभर." "ताट दाखव." मग छत दिसतं, तिचा अंगठा दिसतो, आणि मग ताट, त्यात एका कडेला सारलेला भात आणि त्यावर पालथा चमचा. तो चमचा मी आधी फक्त गोजीच्या ताटात बघितला होता, पण विसरले नव्हते. गेल्या महिन्यात असं सलग दिसायला लागलं तेव्हा मी गोजीला फोन केला. ती आईपासून दोन गल्ल्या सोडून राहते, तिचेही गुडघे आता कुरकुरतात. मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "घरात मगज आहे." तो शब्द ती मराठीतच म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. आईने उचलला, ओठ लाल, नाक पुसत होती. मी काही विचारायच्या आत मागून गोजीचा आवाज आला, "मामा सई, नॉट युवर फेस. शो हर द प्लेट." छत दिसलं, अंगठा दिसला, आणि मग ताट. पुसून घेतल्यासारखं स्वच्छ, आणि मधोमध मिरचीचा एक हिरवा देठ.